धुऱ्यावर अडलेली विटांची गाडी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात खेळण्यातल्या विटांच्या गाड्यांनी बरीच जागा अडवली आहे. लेगो टेक्निक किंवा तिच्याशी जुळणाऱ्या पट्ट्या, पिना, दातेरी चाकं जोडून स्वतःच्या डोक्याने बनवलेली, रिमोटवर चालणारी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी. फरशीवर सगळ्यांचीच पळते. वावरात नेली की पत्र लिहायची वेळ येते. दोन शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. ‘धुरा’ म्हणजे आपला शेताचा धुरा, म्हणजे बांध. गाडीतल्या दांड्याला इथे ‘ॲक्सल’ म्हटलं आहे. आणि ‘भोक’ हे माप आहे : पट्टीवरच्या शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर, ८ मिलिमीटर.

प्रश्न : गाडीचं वजन बॅटरीसकट दीड किलो. पुढे एक, मागे एक अशा दोन एल (मोठ्या) मोटर, चाकं ८१.६ मिलिमीटरची. मोटरवरचं १२ दात्यांचं चाक थेट डिफरन्शियलच्या (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या जोडाच्या) २८ दात्यांना लावलं आहे, सेल रिचार्जेबल. सपाटीवर मस्त जाते. धुऱ्यावर अर्ध्यात गेली की थांबते, मोटर हाताला गरम लागते आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप चालू होते. मोटर खराब आहे का? एक्सएल (त्याहून मोठी) मोटर टाकू का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : मोटर शाबूत आहे. तिच्या आत तापल्यावर विरोध वाढवणारा एक छोटा भाग असतो. मोटर अडून राहिली आणि जास्त करंट ओढू लागली की तो तापतो आणि करंट रोखून धरतो. थंड झाला की पुन्हा वाट मोकळी.

आता हिशेब करू, कारण एक्सएल घ्यायची की नाही ते त्यातूनच कळतं. धुऱ्याचा चढ ३० अंशांचा धरा, म्हणजे चढावरून दोन फूट गेलं की एक फूट उंची. दीड किलोची गाडी तिथे नुसती धरून ठेवायला १.५ × ९.८ × ०.५ = ७.३५ न्यूटन जोर लागतो. सुटी माती आणि ढेकळं धरून ९ म्हणू. चाकाची त्रिज्या ४.१ सेंटिमीटर, म्हणजे चाकांवर मिळून ३७ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा. तुमचं गुणोत्तर २८ भागिले १२, म्हणजे २.३३. मोटरींच्या वाट्याला आले १६. दात्यांत आणि भोकांत घासण्यात शंभरातले चाळीस वाया जातात असं धरा, की ते होतात २६ आणि प्रत्येक मोटरला १३. एल मोटर ९ व्होल्टवर पूर्ण अडते तेव्हा तिचा टॉर्क सुमारे १८ असतो. सहा रिचार्जेबल सेलचे होतात ७.२ व्होल्ट, तिथे तोच आकडा साडेचौदावर येतो. मागताय १३, दम साडेचौदाचा. अर्ध्या धुऱ्यावर बसणारच ती.

एक्सएलचा अडल्यावरचा टॉर्क ४० च्या घरात आहे. तिने गाडी चढेल, नाही कशाला म्हणायचं? पण चाक गोट्यात फसलं की ते चाळीस डिफरन्शियलमधून २.३३ पट होऊन, म्हणजे ९३ होऊन, पेन्सिलीपेक्षा बारीक प्लास्टिकच्या ॲक्सलवर येतात. त्या ॲक्सलला जिलबीसारखा पीळ बसतो आणि तो कायमचा राहतो, नाहीतर युनिव्हर्सल जॉइंटचा (दोन ॲक्सल कोनात जोडणाऱ्या सांध्याचा) कान तुटतो. त्याऐवजी एलच राहू द्या आणि चाकाच्या अगदी जवळ फेरे आणखी ३ पट कमी करा. एकूण झाले ७ पट. घर्षण बाजूला ठेवून ९ व्होल्टवर बघा : गाडी अडल्यावर डिफरन्शियलच्या पुढच्या ॲक्सलवर येतात फक्त ४२, आणि चाकांना मिळतात १२६. म्हणजे एक्सएलपेक्षा चाकाला जास्त आणि ॲक्सलला निम्म्याहून कमी. चढावर प्रत्येक मोटरला साडेचार-पाच पुरतात, ती तापत नाही. वेग मिनिटाला सात-साडेसात मीटर उरतो. धुरा चढायला तेवढा पुष्कळ झाला. पळवायची हौस असेल तर ती गाडी वेगळी बनवावी लागते.

चाकाजवळच्या या रचनेला पोर्टल म्हणतात. तयार पोर्टल हब (चाक धरणारे जोड) मिळतात. लेगोच्या २०१२ सालच्या ‘४×४ क्रॉलर’ संचात (क्रमांक ९३९८) ८ आणि २४ दात्यांच्या जोडीचेच हब होते. पुढच्या, वळणाऱ्या चाकांना तयार हबच घ्या, तिथे हाताने जमवण्यात राम नाही. मागच्या ॲक्सलचं मात्र घरी होतं. एका चाकाला लागतं ते असं : ७ भोकांच्या दोन पट्ट्या, २ भोकांची एक पट्टी, ३ भोकं लांबीच्या दोन पिना, ८ दात्यांचं एक आणि २४ दात्यांचं एक चाक, दोन-तीन बुश (ॲक्सल सरकू नये म्हणून त्यावर बसवायची कडी). मोठ्या पट्ट्या उभ्या, समोरासमोर धरा. वरच्या दोन भोकांमध्ये छोटी पट्टी सँडविचसारखी घाला आणि दोन्ही पिना तिन्ही पट्ट्यांतून आरपार न्या. मोटरकडून आलेला ॲक्सल चौथ्या भोकात, त्यावर पट्ट्यांच्या मधे ८ दाते. चाकाचा ॲक्सल सहाव्या भोकात, त्यावर २४ दाते. दोन्ही ॲक्सलना पट्ट्यांच्या बाहेरून बुश.

चौथं आणि सहावंच भोक का, तर या दातेरी चाकांत दात्यांची संख्या हाच मिलिमीटरमधला व्यास असतो. दोन चाकांच्या दात्यांची बेरीज करा आणि १६ ने भागा, मधे किती भोकं सोडायची ते मिळतं. ८ आणि २४ ची बेरीज ३२, म्हणून दोन. १२ आणि ३६ ची ४८, म्हणून तीन. ८ आणि १६ ला दीड भोक येतं. त्याच्या नादी सध्या लागू नका. दोन भोकांच्या या फरकाने गाडीचं पोटही १६ मिलिमीटर वर उचललं जातं, हा फायदा फुकटात.

चढावर ‘कट-कट-कट’ ऐकू आलं तर ८ दात्यांचं चाक दाते सोडतंय. बहुतेक वेळा पट्टी एकाच बाजूला लावलेली असते, किंवा बाहेरचा बुश विसरलेला असतो आणि जोर आला की पट्ट्या फाकतात. उलट बुश इतका दाबून बसवला की ॲक्सल जड फिरतो, तरी नुकसानच. कागद जेमतेम सरकेल एवढी फट ठेवा. आणि पोर्टलमुळे फिरण्याची दिशा उलटते, म्हणून ते पुढेही हवं आणि मागेही. नुसतं मागे लावाल तर पुढची चाकं गावाकडे आणि मागची वावराकडे.

प्रश्न : माझ्या गाडीत मधोमध एकच मोटर आहे. एक लांब ॲक्सल पुढेही जातो, मागेही. पोर्टल नाहीत. तरी पुढची चाकं सरळ आणि मागची उलटी फिरतात. दोन्ही डिफरन्शियल अगदी सारखे, दात्यांची बाजू दोन्हीकडे डावीकडेच ठेवली आहे.
— नववीतला विद्यार्थी, ता. आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : डावीकडेच ठेवलीस, तिथेच चुकलं. पुढच्या डिफरन्शियलला मधला ॲक्सल मागून येऊन भिडतो, मागच्याला समोरून. म्हणून मोठी दातेरी कडा पुढे डावीकडे असेल तर मागे उजवीकडे हवी. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे : एकसारखे दोन ॲक्सल बनव आणि त्यातला एक टेबलावर ठेवल्या ठेवल्या अर्धा गोल फिरवून मागे लाव. आरशातल्यासारखा उलटा बनवायचा नाही, नुसता फिरवायचा. तपासताना गाडी पुस्तकावर टेकव, चारही चाकं हवेत राहू दे, मोटर लावण्याआधी मधला ॲक्सल बोटाने फिरवून बघ.

प्रश्न : रिमोट घरात खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला चालतो. दुपारी वावरात दोन हातांवरूनही ऐकत नाही. संध्याकाळी पुन्हा ठीक.
— एक वाचक, ता. काटोल (जि. नागपूर)

उत्तर : रिमोट इन्फ्रारेडचा आहे. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. रिसीव्हरच्या डोळ्याला त्या झगमगाटात रिमोटचा मिणमिणता दिवा दिसत नाही. भर लग्नात मांडवाच्या टोकावरून कुणी हळू आवाजात हाक मारावी तसं. रिसीव्हरच्या काळ्या घुमटाभोवती काळ्या कार्डपेपरची दोन-अडीच सेंटिमीटर उंच टोपी करा, रिमोट धरता ती बाजू तेवढी उघडी. ऊन पाठीवर घेऊन उभे राहिलात तर मात्र टोपीचं तोंड उन्हाकडे होतं; सूर्य गाडीच्या मागे राहील असे उभे राहा. यातून चार-पाच पावलं वाढतील, त्याहून जास्त आशा धरू नका. दुपारचं चालवायचंच असेल तर ब्लूटूथ किंवा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर घ्यावा; त्याला उन्हाचं सोयरसुतक नसतं.

प्रश्न : वेचणीनंतर पऱ्हाटीच्या ओळींतून गाडी चालवतो. दहा मिनिटांत एक चाक जड होतं, मग दुसरं. पावसाळ्यात तर चाकांचे लाडूच होतात. डिफरन्शियल लॉक करावा का, हेही सांगा.
— दोन भाऊ, ता. वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : जड झालेलं चाक काढून आतल्या बाजूला बघा. हब आणि पट्टीच्या फटीत राखाडी, घट्ट, अंगठीसारखी गुंडाळी दिसेल. ती रुई. झाडावर राहिलेल्या कवडीतला एखादा धागा ॲक्सलला लागतो, ॲक्सल चातीसारखा तो कातत जातो आणि फट भरली की ब्रेक लागल्यासारखं होतं. ओढून काढू नका, ती आणखी आवळते. ब्लेडच्या टोकाने ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने एक छेद द्या, पूर्ण कडं निघून येतं. पुन्हा होऊ नये म्हणून पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची नाण्याएवढी चकती कापा, मधे ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि चाक व पट्टी यांच्यामध्ये घाला. धागा चकतीच्या कडेवर राहतो, ॲक्सलपर्यंत पोचत नाही. तरी दर वीस मिनिटांनी बघावंच लागतं.

लाडवांचं कारण आपली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. तीच उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. ओल्या काळ्या रानात कुठलाच टायर चालत नाही. बैलजोडीला जो नियम, तोच हिला : वाफसा आल्याशिवाय वावरात पाय नाही. पावसाळ्यात मुरमाची पांदण किंवा नाल्याची वाळू बघा. टायर घेताना बारीक नक्षीचा नको, मोठ्या आणि विरळ गाठींचा घ्या. दोन गाठींमध्ये करंगळी बसली तर माती झडून पडते.

लॉकबद्दल. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणून एक चाक भेगेवर अधांतरी आलं की ते गरगरतं आणि जमिनीवरचं नुसतं बघत राहतं. मागचा लॉक करा : डिफरन्शियल काढून अख्खा ॲक्सल घाला, त्यावर २० दात्यांचं बेव्हल चाक. पुढचा मोकळाच राहू द्या. दोन्ही लॉक केले की गाडी वळता वळत नाही आणि सिमेंटच्या रस्त्यावर वळवली तर ॲक्सल पिळले जातात. गुणोत्तर बदलतं हे विसरू नका : १२ ला २० म्हणजे १.६७. पुढच्या २.३३ शी ते जुळत नाही, म्हणून एकाच मोटरवर पुढे-मागे दोन्ही ॲक्सल असतील तर दोन्हीकडे २०-२० च लावा (मग पुढचाही लॉक होतो आणि वळणं अवघड होतं, हे धरूनच), नाहीतर गाडी स्वतःशीच ओढाताण करते. दोन वेगळ्या मोटरी असतील तर एवढं बिघडत नाही.

धुताना आधी सुकू द्या, जुन्या दातांच्या ब्रशने झाडा, मग पाणी. पाणी कोमट, ४० अंशांच्या आत. मोटर, बॅटरीचा डबा, रिसीव्हर आधी काढून ठेवा. सावलीत वाळवा. शिलाई मशीनचं तेल टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, टाकू नका. तेलावर धूळ बसते आणि तिची पॉलिश पेपरसारखी लगदी होऊन दाते झिजतात. थिनर आणि पेट्रोल तर या प्लास्टिकला खातंच.

प्रश्न : किराणा दुकानातले साधे सेल टाकले. गाडी निघते, पण वळवली की हब (बॅटरी आणि रिसीव्हर एकत्र असलेला डबा) बंद पडतो.
— एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : ते झिंक-कार्बन सेल आहेत, घड्याळ आणि टीव्हीच्या रिमोटसाठीचे. त्यांचा अंतर्गत विरोध जास्त. सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) आणि मोटर एकदम करंट मागतात तेव्हा व्होल्टेज कोसळतं. अल्कलाइन घ्या, किंवा सहाही एकाच कंपनीचे, एकाच वेळी चार्ज केलेले निकेल-मेटल हायड्राइड. जुने-नवे मिसळू नका. सहातला एक मेला की तो पाचांच्या खांद्यावर.

प्रश्न : शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. विटांचा संच एक, मुलं बारा. लॅबमधले ईएसपी३२ (प्रोग्राम घालता येणारे) बोर्ड आणि छोट्या मोटरी विटांच्या सांगाड्यात वापरता येतील का?
— विज्ञान शिक्षक, जि. वाशीम

उत्तर : येतील सर, आणि मुलं त्यातून जास्त शिकतील. पिवळी बीओ मोटर मात्र टाळा. ती आकाराने विटांच्या मापात बसत नाही. एन२० घ्या, ६ व्होल्ट, मिनिटाला १०० ते २०० फेऱ्यांची. तिचा दांडा ३ मिलिमीटरचा, एका बाजूने चपटा. विटांचा ॲक्सल अधिकच्या खुणेसारखा, ४.८ मिलिमीटरचा. मधला जोड लॅबच्या थ्रीडी प्रिंटरवर काढा. पहिला जोड घट्ट किंवा सैल येणारच, म्हणून भोकाच्या मापात ०.१ मिलिमीटरचा फरक ठेवून एकाच वेळी चार छापा आणि बसेल तो ठेवा.

मोटर चालवणारा ड्रायव्हर टीबी६६१२. एल२९८एन सगळीकडे मिळतो, पण तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. एवढ्याशा बॅटरीत ते परवडत नाही. दोन १८६५० सेल एकामागे एक जोडले की पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट होतात. मोटर ६ ची, म्हणून प्रोग्राममध्ये पीडब्ल्यूएम (मोटरला किती जोर मिळतो तो आकडा) २५५ पैकी १८० च्या वर जाऊ देऊ नका. वळवायला एमजी९०एस सर्व्हो, धातूच्या दात्यांचा. सर्व्होला आणि बोर्डला ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) द्या आणि त्याच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा राहिला की सर्व्हो झटका घेतो तेव्हा बोर्ड रिसेट होतो आणि मुलं आठवडाभर प्रोग्राममधली चूक शोधत बसतात. सगळ्यांचे ऋण टोक एकत्र हवेत. टीपी४०५६ चार्जर एका सेलचा असतो; दोन सेलला दोन सेलचाच चार्जर आणि संरक्षक बोर्ड लावा. जुन्या लॅपटॉपमधले सेल मुलांच्या हातात नकोत.

लेगोच्या जुन्या पॉवर फंक्शन्सच्या मोटरीही यावर चालतील. त्यांच्या चार तारांपैकी मोटरला मधल्या दोनच लागतात.

प्रश्न : गाडी टिनाच्या खोलीत ठेवतो. उन्हाळ्यात काही होईल?
— एक वाचक, ता. वरोरा (जि. चंद्रपूर)

उत्तर : विटा वितळणार नाहीत. पण गाडी स्वतःच्या वजनावर महिनाभर उभी राहिली तर लांब ॲक्सल आणि स्प्रिंगच्या दांड्या वाकतात. पोटाखाली लाकडी ठोकळा द्या, चाकं अधांतरी राहू द्या. साधे सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरतात. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. मे महिन्यात तुमच्या भागात टिनाखाली दुपारी तेवढं सहज होतं. चार्जिंग रात्री, जमिनीवर, उघड्यावर.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला आमच्या पोरीला तिचा लाकडी बैल या गाडीने ओढत न्यायचा आहे. बैल तीन किलोचा, गाडी दीड किलोची. जमेल का?
— एक पालक, ता. सावनेर (जि. नागपूर)

उत्तर : जमेल, रस्ता सपाट असेल तर. सिमेंटवर बैलाला वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढी ओढ धरा, म्हणजे दीड न्यूटन. मुरमावर तिप्पट, साडेचार. दीड किलोच्या गाडीच्या टायरांची पकड कोरड्या जमिनीवर आठ-नऊ न्यूटनपर्यंत जाते, त्यामुळे मुरमावरही जागा उरते. पण पहिल्या उत्तरातली ७ पट रचना हवी, नाहीतर मिरवणुकीच्या मध्यात मोटर तापून बसेल. दोरी मागच्या ॲक्सलच्या उंचीवर बांधा. वर, टपाला बांधली तर पुढची चाकं उचलतात आणि गाडी वळत नाही. दोरी दीड फुटाची पुरे. लांब असली की वळणावर बैल आडवा होतो. बॅटरी पुढच्या चाकांकडे सरकवा. बैलाच्या लाकडी आसाला मेणबत्ती घासून घ्या. आणि सोबत सुटी दोरी ठेवा, पोळ्याला पाऊस असतो; चिखलात गाडी अडली तर बैल हाताने ओढता येईल.